जुन्या इलेक्ट्रिक गिटारचे वय आणि खरेपणा कसा तपासतात

अमेरिकेतील मिशिगन राज्यातल्या कलमाझू येथील कारखान्यात गिब्सन कंपनीने १९५८ ते १९६० या काळात लेस पॉल स्टँडर्ड ही इलेक्ट्रिक गिटार कडेला तांबडी आणि मध्याकडे पिवळी होत जाणाऱ्या ‘सनबर्स्ट’ रंगात बनवली. अशा गिटार सुमारे दीड हजारच निघाल्या, त्यांना फारसा उठाव मिळाला नाही, आणि १९६१ मध्ये कंपनीने त्या मॉडेलचा आकारच बदलून टाकला. पुढे काही वर्षांतच एरिक क्लॅप्टन, पीटर ग्रीन, जिमी पेज अशा ब्रिटिश वादकांच्या हातांत ही गिटार दिसू आणि ऐकू येऊ लागली, आणि एकेकाळी दुकानात पडून राहिलेल्या या वाद्यासाठी आज काही लाख डॉलर मोजले जातात. त्यातील महोगनी, मेपल आणि तांब्याची तार आजही मिळते, तो आकार आजही कापता येतो, तो रंगही देता येतो. म्हणजे एवढी किंमत द्यायची ती ‘ही वस्तू त्या वर्षी, त्या कारखान्यात तयार झाली आणि तेव्हापासून तशीच आहे’ या दाव्यासाठी. हा दावा तपासायचा कसा, हा या लेखाचा विषय आहे.

आधी एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. गिटारचे वय ठरवणे आणि तिचा खरेपणा ठरवणे ही दोन वेगळी कामे आहेत. १९६३ साली कॅलिफोर्नियात बनलेली फेंडर स्ट्रॅटोकास्टर वयाने अगदी खरी असू शकते, पण तिचा रंग १९८० मध्ये कोणी खरवडून नव्याने दिलेला असेल, पिकअप (तारांचे कंपन टिपून त्याचा विद्युत संकेत करणारे भाग) बदललेले असतील, खुंट्या दुसऱ्या गिटारच्या असतील, तर ती बाजाराच्या दृष्टीने निराळी वस्तू होते. नुसता रंग बदललेला असला तरी किंमत साधारण निम्म्यावर येते, असा व्यापाऱ्यांचा ढोबळ हिशेब आहे. पूर्णपणे बनावट गिटार तुलनेने क्वचित समोर येते. नेहमी भेटते ती भेसळ, म्हणजे काही भाग जुने, काही नवे, आणि काही जुने असले तरी दुसऱ्याच गिटारचे.

या भेसळीला लिओ फेंडर यांच्या मूळ कल्पनेनेच वाट करून दिली, असे म्हटले तर चुकीचे होणार नाही. फुलर्टन येथील त्यांच्या कारखान्यात १९५० पासून निघालेल्या गिटारची मान, म्हणजे वादक जिला नेक म्हणतात ती, बॉडीला चिकटवलेली नसते, ती चार स्क्रूंनी बसवलेली असते. बिघडलेला भाग काढून दुसरा बसवता यावा, हा त्यामागचा सरळ हेतू होता. त्याचा परिणाम असा, की गेल्या सत्तर वर्षांत लाखो नेक, बॉड्या, पिकअप आणि पत्रे (तारांखाली बॉडीवर बसणारे पिकगार्ड) एका गिटारवरून दुसरीकडे गेले, आणि त्यातले बहुतेक कोणालाही फसवण्याच्या उद्देशाने गेले नाहीत. वादकाला चांगला वाजणारा नेक हवा होता, एवढेच.

नवखा ग्राहक सर्वांत आधी अनुक्रमांक पाहतो, आणि माझ्या मते पुराव्यांच्या उतरंडीत तो बराच खाली ठेवायला हवा. फेंडरच्या १९५० आणि १९६० च्या दशकांतील बहुतेक गिटारवर हा क्रमांक नेकच्या मागे असलेल्या धातूच्या पट्टीवर ठोकलेला असतो. या पट्ट्या कारखान्यात डब्यात भरून ठेवलेल्या असत आणि कामगार हाताला येईल ती उचलून बसवत, त्यामुळे मोठा क्रमांक असलेली गिटार लहान क्रमांकाच्या गिटारच्या आधी बाहेर पडलेली असू शकते. शिवाय ही पट्टी त्याच चार स्क्रूंनी बसते, म्हणजे ती बदलायला पाच मिनिटे पुरतात. पिंक फ्लॉइड या बँडचे वादक डेव्हिड गिल्मर यांच्याकडील ०००१ क्रमांकाची १९५४ ची स्ट्रॅटोकास्टर २०१९ च्या जूनमध्ये क्रिस्टीज या लिलावसंस्थेत १८ लाख १५ हजार डॉलरना विकली गेली, पण ती काही पहिली बनलेली स्ट्रॅटोकास्टर नव्हे. तिच्या आधीही काही तयार झाल्या होत्या. क्रमांक खरा, गिटार खरी, आणि तरीही क्रमांकावरून काढलेला सहज निष्कर्ष चुकीचा, असे हे उदाहरण आहे.

गिब्सनचा घोळ वेगळ्या प्रकारचा आहे. लेस पॉलच्या सुरुवातीच्या काळात हेडस्टॉकच्या, म्हणजे नेकच्या खुंट्या बसवलेल्या टोकाच्या, मागे शाईने क्रमांक उमटवलेला असे आणि त्याचा पहिला अंक वर्ष सांगत असे: ८ म्हणजे १९५८, ९ म्हणजे १९५९, ० म्हणजे १९६०. ही पद्धत समजायला सोपी आहे आणि तितकीच नक्कल करायलाही सोपी आहे. १९६१ पासून क्रमांक लाकडात दाबून उमटवले जाऊ लागले, पण ते ठरावीक क्रमाने वापरले गेले नाहीत. तेच क्रमांक वेगवेगळ्या वर्षांत पुन्हा आले आणि १९७० ते १९७५ या काळात साठच्या दशकातले बरेचसे आकडे पुन्हा दिले गेले. अशा वेळी नुसत्या क्रमांकावरून १९६४ की १९७२ हे सांगता येत नाही. हेडस्टॉक मागे किती अंशांत झुकलेला आहे (१९६५ च्या अखेरीपर्यंत सुमारे १७ अंश, नंतर काही वर्षे १४), त्याच्या मुळाशी मागच्या बाजूला जाड उंचवटा ठेवला आहे का, आणि ‘मेड इन यूएसए’ असा शिक्का आहे का, हे पाहिल्यावरच क्रमांकाला अर्थ येतो. हा उंचवटा आणि हा शिक्का दोन्ही १९७० च्या सुमारास आले.

क्रमांकापेक्षा अधिक बोलकी ठिकाणे गिटारच्या आत असतात. फेंडरचा नेक सोडवला की त्याच्या टाचेवर, म्हणजे बॉडीच्या खाचेत बसणाऱ्या टोकावर, बहुधा तारीख सापडते. १९६२ च्या सुरुवातीपर्यंत ती शिसपेन्सिलने लिहिली जात असे आणि सोबत कधी कधी नेक घडवणाऱ्याची आद्याक्षरेही असत. ताडेओ गोमेझ या कारागिराची ‘टीजी’ ही अक्षरे असलेले नेक संग्राहक आजही शोधत असतात. १९६२ च्या मार्चपासून रबरी शिक्का आला. या शिक्क्यातील सुरुवातीचा आकडा म्हणजे महिन्याचा दिवस असे अनेकांना वाटते, पण तो मॉडेलचा संकेतांक असतो, आणि शेवटचे ए, बी, सी किंवा डी हे अक्षर नेकची रुंदी सांगते. तारीख असली तरी ती त्या एका लाकडी भागाची असते, पूर्ण गिटारची नसते. घडवलेला नेक काही आठवडे, क्वचित काही महिने फळीवर पडून राही आणि मग जोडला जाई. काही नेकवर तर तारीख लिहायचीच राहून गेली, त्यामुळे कोरी टाच हा आपोआप बनावटीचा पुरावा ठरत नाही.

आवाज कमीजास्त करण्याच्या गोल बटणाखाली जो विद्युत भाग असतो, ज्याला दुरुस्ती करणारे ‘पॉट’ म्हणतात, त्याच्या पाठीवरचा आकडा मला सर्व खुणांमध्ये सर्वांत शिकवणारा वाटतो. अमेरिकेत असे सुटे भाग बनवणाऱ्या प्रत्येक कारखान्याला ठरावीक संकेतांक होता: १३४ म्हणजे सेंट्रालॅब, १३७ म्हणजे सीटीएस, ३०४ म्हणजे स्टॅकपोल. त्यापुढे वर्ष आणि आठवडा येतो. ३०४–६३२० असे कोरलेले असेल तर तो भाग स्टॅकपोलने १९६३ च्या विसाव्या आठवड्यात बनवला. पन्नाशीच्या दशकातील जुन्या पद्धतीत वर्षासाठी एकच अंक असे, आणि तो कोणत्या दशकाचा हे इतर खुणांवरून ठरवावे लागे.

आता या आकड्यावरून नेमके काय सिद्ध होते? ती गिटार १९६३ च्या मे महिन्याच्या आधी पूर्ण झालेली नाही, इतकेच. ती त्यानंतर किती काळाने पूर्ण झाली, हे तो आकडा सांगत नाही. फेंडरने १९६६ मध्ये पॉटचा मोठा साठा विकत घेतला आणि तो पुढे दोन-तीन वर्षे वापरला, त्यामुळे १९६८ किंवा १९६९ च्या पूर्णपणे मूळ अवस्थेतील गिटारमध्येही १९६६ चे पॉट सापडतात, आणि अशा कित्येक गिटार ‘१९६६ च्या’ म्हणून अजाणतेपणी विकल्या गेल्या आहेत. जुना भाग नव्या गिटारवर येऊ शकतो, नवा भाग जुन्या गिटारवर कारखान्यातून येऊ शकत नाही. तपासणीचा सगळा तर्क या एका वाक्यावर उभा आहे. प्रत्येक खूण ‘याच्या आधी नाही’ अशी एक सीमारेषा देते, आणि मूळ भागांपैकी सर्वांत उशिराच्या भागाची सीमारेषा गिटारला लागू होते. तो उशिराचा भाग मूळचा आहे की नंतर बसवलेला, हा पुढचा प्रश्न.

त्याचे उत्तर बहुधा सोल्डरमध्ये, म्हणजे तारा जोडताना वितळवून लावलेल्या धातूत, मिळते. कारखान्यात एकदा केलेला आणि पुन्हा न उघडलेला जोड साठ वर्षांत मंद पडतो, त्यावर धूळ आणि फ्लक्सचा तपकिरी थर बसलेला असतो, आणि कापडी आवरणाची तार त्यात जशी वळवून घातली होती तशीच राहते. सोल्डरिंगचे तापलेले लोखंड टेकवून तो पुन्हा वितळवला की चमक बदलते, शेजारच्या तारेचे कापड किंचित करपते, आणि पॉटच्या पाठीवर दोन वेगळ्या वेळी पसरलेल्या धातूच्या कडा दिसतात. जाणकार तपासनीस म्हणूनच सांधे न हलवलेल्या गिटारला फार मान देतात, आणि तुटलेली एखादी तार जोडण्यापूर्वीही आधी सगळ्या आतल्या भागाची छायाचित्रे काढून ठेवतात. १९५४ च्या सुमारासच्या काही स्ट्रॅटोकास्टरमध्ये आत कागदी चिकटपट्टीचा तुकडा सापडतो आणि त्यावर ‘मेरी’ किंवा ‘ग्लोरिया’ असे वायरिंग करणाऱ्या स्त्रीचे नाव लिहिलेले असते. या पट्टीचीही आता नक्कल होते, हे वेगळे सांगायला नको.

यानंतर येतात त्या बांधणीतल्या बदलांच्या खुणा, आणि फेंडरच्या बाबतीत त्या इतक्या आहेत की वर्षाच्या एका तुकड्यापर्यंत पोहोचता येते. स्ट्रॅटोकास्टरची बॉडी १९५६ च्या मध्यापर्यंत मुख्यतः ॲश लाकडाची असे, नंतर आल्डरची, मात्र फिकट पारदर्शक ‘ब्लाँड’ रंगासाठी ॲश पुढेही वापरले गेले. नेक आधी एकाच मेपलच्या तुकड्याचा होता आणि आतली पोलादी सळई मागून घालून ती खाच गडद लाकडाच्या पट्टीने बुजवलेली असे. १९५९ च्या मध्यापासून वर रोझवूडचा फिंगरबोर्ड, म्हणजे बोटांनी तारा दाबायची पट्टी, आला. तो १९६२ च्या मध्यापर्यंत जाड आणि तळाशी सपाट होता. नंतर तळही वक्र झाला आणि थर पातळ होत गेला. नेकच्या टोकाकडून पाहिले तर दोन लाकडांमधली रेघ सरळ आहे की कमानदार, हे साध्या डोळ्यांनीही कळते, आणि ही रेघ बदलणे म्हणजे नेक जवळजवळ नव्याने बनवणे. म्हणून ही खूण मी क्रमांकाच्या पट्ट्यांपेक्षा आणि स्टिकरपेक्षा कितीतरी वर ठेवीन. फिंगरबोर्डवरचे ठिपके १९६४ च्या अखेरीपर्यंत मातकट, निस्तेज पदार्थाचे होते, नंतर शिंपल्यासारखे चमकदार झाले. तारांखालचा पांढरा पत्रा १९५९ पर्यंत एकपदरी आणि आठ स्क्रूंचा होता. त्यानंतर तीनपदरी आणि अकरा स्क्रूंचा आला. तो सेल्युलोज नायट्रेटचा असल्यामुळे काळानुसार हिरवट पडतो, आकसतो आणि स्क्रूभोवती तडकतो. नवा हिरवट पत्रा बाजारात मिळतो, पण आकसल्यामुळे एकीकडे ओढले गेलेले स्क्रू आणि त्याखालच्या लाकडातली जुनी छिद्रे यांचा मेळ त्याला घालता येत नाही.

१९६५ च्या जानेवारीत सीबीएस या प्रसारण कंपनीने फेंडर १ कोटी ३० लाख डॉलरना विकत घेतली, आणि ‘सीबीएसच्या आधीची’ हा शब्दप्रयोग किमतीची मोठी पायरी बनला. प्रत्यक्षात त्या जानेवारीच्या एखाद्या सकाळी कारखान्यात काही बदलले नाही. हेडस्टॉकवरचे नाव १९६४ मध्येच बारीक अक्षरांवरून जाड सोनेरी अक्षरांवर गेले होते, हेडस्टॉक मोठा झाला तो १९६५ च्या अखेरीस, आणि काळे ठळक नाव आले १९६८ मध्ये. मालकी बदलण्याच्या तारखेला वाद्याच्या गुणाची तारीख समजणे हा बाजाराचा हट्ट आहे, पण तो हट्ट लाखो रुपयांचा असल्यामुळे १९६५ ची गिटार १९६४ ची करून दाखवण्याचा मोह कायम राहतो.

रंगाची तपासणी ही सर्वांत कठीण, आणि फसवणूकही तिथेच जास्त. फेंडर आणि गिब्सन दोघेही त्या काळी नायट्रोसेल्युलोज लॅकर वापरत. हा पातळ, ठिसूळ थर लाकडाच्या फुगण्या-आकसण्याबरोबर टिकत नाही आणि त्यावर केसासारख्या बारीक भेगांचे जाळे पडते. थंडीतून एकदम उबेत आणून किंवा धारदार पात्याने ओढून अशा भेगा पाडता येतात, पण पात्याच्या रेघा बऱ्याचदा फार सरळ आणि सारख्या अंतरावर येतात, तर नैसर्गिक भेगा लाकडाच्या दिशेनुसार, जोडांपाशी आणि कडांवर वेगवेगळ्या वळतात. अतिनील दिव्याखाली जुने लॅकर साधारण हिरवट-पिवळसर झळकते. नंतर फवारलेला भाग निराळा, बहुधा गडद, दिसतो. गिब्सनच्या लेस पॉलमध्ये मागे झुकलेला महोगनीचा हेडस्टॉक नेमका नटपाशी, म्हणजे नेकला जिथे तो मिळतो तिथे, तुटण्याची खोड आहे, आणि तिथे कोणी चिकटवून वरून रंग मारला असेल तर तो डाग या दिव्याखाली बहुतेक वेळा उघडा पडतो. तरीही दिवा हा निर्णायक पुरावा नव्हे. जुन्या लॅकरला दिलेली नुसती पॉलिशदेखील त्याचे दिसणे बदलते.

फेंडरच्या बाबतीत एक फार उपयोगी खूण खिळ्यांची आहे. रंग वाळताना बॉडी पृष्ठभागाला चिकटू नये म्हणून तिच्या समोरच्या बाजूला तीन-चार लहान खिळे ठोकून ती त्यांवर टेकवली जाई, आणि शेवटी खिळे उपटले जात. १९६४ च्या अखेरीपर्यंतच्या बॉडीवर, पत्रा काढल्यावर, ही छिद्रे ठरावीक जागी दिसतात आणि त्यांच्या आत रंग नसतो, कारण रंग देताना तिथे खिळा होता. छिद्रात रंग उतरलेला असेल तर बॉडी नंतर रंगवलेली आहे, अशी दाट शंका घ्यावी. आता बनावट करणाऱ्यांनाही हे माहीत झाले आहे आणि ते रंगानंतर नव्याने छिद्रे पाडतात, पण मग लाकूड ताजे दिसते. ड्यूपाँटच्या मोटारींच्या रंगांतून घेतलेले फिएस्टा रेड, लेक प्लॅसिड ब्लू, सोनिक ब्लू असे खास रंग त्या काळी थोडे जास्त पैसे देऊन मागवता येत. आज त्यांना सनबर्स्टपेक्षा कितीतरी जास्त भाव मिळतो, म्हणून मूळ सनबर्स्ट झाकून त्यावर लाल रंग देण्याचे प्रकार होतात. गंमत अशी, की खुद्द कारखान्यानेही काही वेळा तयार सनबर्स्टवरच खास रंग फवारला होता, त्यामुळे लाल थराखाली सनबर्स्ट सापडणे हा एकट्याने ना गुन्ह्याचा पुरावा आहे ना निर्दोषत्वाचा.

१९९५ पासून फेंडरच्याच खास कार्यशाळेने मुद्दाम झिजवलेल्या, जुन्या दिसणाऱ्या नव्या गिटार विकायला सुरुवात केली. हा प्रामाणिक व्यवसाय आहे, पण त्यामुळे कृत्रिम झिजेची कला सर्वत्र पोहोचली. झीज वाचताना विचारायचे ते इतकेच: वादकाचा हात, पट्ट्याची कडी आणि घाम खरोखर तिथे लागतो का? पुढच्या बाहूखालचा रंग उडालेला पण त्याच बाजूच्या पुलाचे (बॉडीवर तारा टेकतात त्या भागाचे) स्क्रू कोरे करकरीत, किंवा फ्रेट (फिंगरबोर्डवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) जवळजवळ नवे पण त्यांच्यामधले लाकूड खोल झिजलेले, असा विसंवाद दिसला की थांबावे.

आता पुन्हा कलमाझूकडे. लेस पॉलचा नेक चिकटवलेला असल्यामुळे तो सोडवून तारीख पाहता येत नाही. मात्र पुढचा पिकअप उचलला की त्याखालच्या खोबणीत नेकचे लांब जिभेसारखे टोक दिसायला हवे. हा लांब सांधा साठच्या दशकाच्या अखेरपर्यंत होता. त्या काळच्या तांबड्या रंगातील रंगद्रव्य उन्हाने उडत असे, म्हणून दुकानाच्या खिडकीत राहिलेली गिटार मधासारखी पिवळी झालेली असते, पण पिकअपच्या चौकटीखाली आणि पत्र्याखाली मूळ तांबडा शाबूत असतो. ही सावली कृत्रिमपणे, सर्व कडा जुळवून उभी करणे अवघड असते.

त्यातल्या पिकअपची कथा तर स्वतंत्र लेखाचा विषय व्हावी. सेथ लव्हर यांनी गुणगुण काढून टाकणारा दुहेरी गुंडाळीचा पिकअप तयार केला, त्याच्या पेटंटसाठी १९५५ मध्ये अर्ज झाला आणि पेटंट १९५९ मध्ये मिळाले. १९५७ पासून या पिकअपच्या तळाला ‘पेटंटसाठी अर्ज केला आहे’ अशा आशयाचे छोटे स्टिकर लागत होते, आणि ते पेटंट मिळाल्यानंतरही १९६२ च्या सुमारापर्यंत लागत राहिले. पुढे स्टिकरवर क्रमांक आला, पण तो २,७३७,८४२ हा क्रमांक या पिकअपचा नसून ज्यांचे नाव या गिटारला आहे त्या वादक लेस पॉल यांच्या जुन्या टेलपीसचा, म्हणजे तारा अडकवायच्या पट्टीचा, आहे. म्हणजे इथे ‘चुकीचा’ क्रमांक असणे हेच मूळ असण्याचे लक्षण! ते पहिले स्टिकर छापून विकणारे आज पुष्कळ आहेत, म्हणून पिकअप ओळखणारे लोक स्टिकरकडे शेवटी पाहतात. आधी ते तळपत्र्याच्या पायांवरच्या हत्याराच्या खुणा, तार गुंडाळायच्या प्लॅस्टिकच्या बॉबिनवरचे साच्याचे ठसे आणि तारेवरच्या वार्निशचा जांभळट तपकिरी रंग पाहतात. गुंडाळ्यांची संख्या त्या काळी सारखी नसे आणि चुंबकही वेगवेगळ्या प्रतींचे लागत, त्यामुळे मीटर लावून येणाऱ्या आकड्यावरून पिकअप खोटा ठरवता येत नाही.

१९५२ ते १९५७ मधील सोनेरी रंगाच्या लेस पॉल याच कारखान्यात, याच लाकडांतून बनल्या आणि त्या संख्येने जास्त आहेत. त्यांतल्या काहींचा सोनेरी रंग काढून, पिकअपच्या खोबणी मोठ्या करून, त्या १९५९ सारख्या केल्या जातात. असे रूपांतर उघडपणे सांगून विकले तर त्यात गैर काही नाही, आणि अनेक वादक ते आनंदाने घेतातही. अडचण पुढच्या दुसऱ्या-तिसऱ्या विक्रीत येते, जेव्हा ‘रूपांतरित’ हा शब्द वाटेत कुठेतरी गळून पडतो. सोनेरी रंगाखाली समोरच्या मेपलचे तुकडे कसे जोडले आहेत हे दिसणारच नसल्याने त्यांची मांडणी कशीही चालत असे. सनबर्स्टमध्ये ते उघडे दिसत असल्याने सहसा मध्यरेषेवर दोन तुकडे जोडलेले असतात. सोनेरी रंगाचे हिरवट कण खोबणीच्या कोपऱ्यात किंवा स्क्रूच्या छिद्रांत राहून जातात, आणि तेही शोधले जातात.

प्रयोगशाळेची मदत इथे मर्यादित आहे. क्षकिरणांनी लपवलेले सांधे आणि बुजवलेली छिद्रे दिसतात, पण लाकडाची वर्तुळे मोजून काढलेले वय फार तर झाड केव्हाच्या आधी तोडलेले नाही एवढे सांगते, आणि पन्नाशीतले जुने महोगनी कोणीही मोडक्या कपाटातून काढू शकतो. या क्षेत्रात सर्वांत विश्वासार्ह पुरावा अनेकदा जुने छायाचित्र ठरते. लाकडाच्या रेषा पुन्हा तशाच येत नाहीत. बॉब डिलन यांनी १९६५ च्या न्यूपोर्ट लोकसंगीत महोत्सवात वाजवलेली स्ट्रॅटोकास्टर एका खासगी विमानात मागे राहिली होती. अनेक दशकांनी ती वैमानिकाच्या कुटुंबाकडून पुढे आली, तेव्हा तिच्या बॉडीच्या आणि फिंगरबोर्डच्या रेषा त्या दिवशीच्या छायाचित्रांशी ताडून पाहण्यात आल्या. २०१३ च्या डिसेंबरमध्ये ती क्रिस्टीजमध्ये ९ लाख ६५ हजार डॉलरना गेली.

इथे आतापर्यंतचे सगळे नियम उलटेही होतात. क्लॅप्टन यांनी १९७० मध्ये नॅशव्हिलमधून घेतलेल्या जुन्या स्ट्रॅटोकास्टरपैकी तिघींचे उत्तम भाग एकत्र करून ‘ब्लॅकी’ तयार केली. एरवी अशा जोडाजोडीला व्यापारी नाक मुरडतात. ही मात्र २००४ मध्ये ९ लाख ५९ हजार ५०० डॉलरना विकली गेली. गिल्मर यांची काळी स्ट्रॅटोकास्टर मुळात सनबर्स्ट होती, तिचे नेक, पिकअप, पत्रा असे कितीतरी भाग वेळोवेळी बदलले, आणि तिला २०१९ मध्ये ३९ लाख ७५ हजार डॉलर आले. अशा ठिकाणी विकली जाते ती वादकाची गिटार. तिचे बदल लपवायचे नसतात, उलट प्रत्येक बदल छायाचित्रानिशी आणि तारखेनिशी दाखवावा लागतो. पण नामांकित वादकाचा संबंध कागदोपत्री सिद्ध होत नसेल, तर ‘अमुक मोठ्या वादकाने वाजवलेली’ या वाक्याची किंमत शून्य धरावी, मग सांगणारा कितीही सज्जन असो.

महाराष्ट्रातून किंवा गोव्यातून परदेशी लिलावात वा संकेतस्थळावर अशी गिटार घेऊ पाहणाऱ्याने पैसे देण्याआधी ठरावीक छायाचित्रे मागावीत: नेकची टाच, नेकची खाच, पत्र्याखालची पूर्ण बॉडी, पॉटच्या पाठीवरचे आकडे, पिकअपची खालची बाजू, आणि हेडस्टॉक पुढून-मागून अतिनील प्रकाशात. जुनी तार नाजूक असल्याने विक्रेता पत्रा उचलायला कचरतो हे समजण्यासारखे आहे, पण लाखो रुपयांच्या व्यवहारात त्याने ते काम जाणत्या दुरुस्तीकाराकडून करून घ्यायला हरकत नसावी. मूळची पेटी सोबत असेल तर आनंद आहे, मात्र पेट्या गिटारपेक्षाही सहज बदलतात.

आणखी एक बाब आपल्याशी थेट निगडित आहे. पन्नाशी-साठीतल्या या गिटारवर रोझवूडचा फिंगरबोर्ड असला, तर तो बहुधा ब्राझिलियन रोझवूडचा असे. ते झाड १९९२ पासून ‘साइटिस’ या आंतरराष्ट्रीय कराराच्या सर्वांत कडक यादीत आहे, आणि भारतातही २०२२ च्या दुरुस्तीने हा करार वन्यजीव संरक्षण कायद्यात आणला गेला आहे. साठच्या दशकाच्या उत्तरार्धात दोन्ही कंपन्या भारतीय रोझवूडकडे, म्हणजे सह्याद्रीत आणि दक्षिणेत वाढणाऱ्या आपल्या शिसवीकडे वळल्या. तिचे पूर्ण झालेले वाद्य २०१९ च्या अखेरीपासून या कराराच्या परवान्यातून मोकळे आहे. ब्राझिलियन लाकडाला ती सवलत नाही. ही दोन लाकडे नुसत्या डोळ्यांनी दरवेळी वेगळी सांगता येत नाहीत. म्हणून १९६५ ची म्हणून घेतलेली गिटार सीमाशुल्क विभागात थांबली, तर तिच्या वयाचा, फिंगरबोर्डच्या लाकडाचा आणि परवान्याचा लेखी दाखला विक्रेत्याकडून आधीच घेतलेला असावा लागतो.